वाचकांचे प्रश्न : काँक्रीटची धरणे आणि त्यांच्या पायाखालचे पाणी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मोठ्या काँक्रीट धरणांच्या सुरक्षिततेविषयी आहेत आणि त्यांतली निम्म्याहून अधिक कोयना परिसराशी नाते सांगणाऱ्या वाचकांची आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. दोन प्रश्नांना अधिक जागा दिली आहे, कारण धरणाच्या स्थिरतेचे मर्म त्यांतच आहे.

प्रश्न : कोयनेचा शिवसागर जलाशय डोंगरांतून सुमारे ५० किलोमीटर आत पसरला आहे. एवढ्या प्रचंड पाण्याचा रेटा एक भिंत कशी पेलते? जलाशय जितका लांब, तितका धरणावरचा भार अधिक, असे समजावे का? (एक शिक्षक, कराड)

उत्तर : नाही. स्थिर पाण्याचा रेटा केवळ त्याच्या खोलीवर अवलंबून असतो. भिंतीमागे ५० किलोमीटर पाणी असो किंवा ५० मीटर, खोली सारखी असेल तर भिंतीवरचा रेटाही सारखाच असतो. धरण फुटल्यास खाली किती हानी होईल हे मात्र साठ्यावर ठरते, आणि मनात या दोन गोष्टींची गल्लत होणे स्वाभाविक आहे.

आकड्यांत सांगायचे तर एक काल्पनिक धरण घेऊ. पाण्याची खोली १०० मीटर आहे. पृष्ठभागावर दाब शून्य आणि तळाशी दर चौरस मीटरला १०० टन, म्हणजे सरासरी ५० टन. धरणाच्या लांबीतील एक मीटर रुंदीचा पट्टा घेतला, तर त्यावर पाण्याचा एकूण आडवा रेटा ५,००० टन येतो आणि तो तळापासून साधारण ३३ मीटर उंचीवर लागतो. त्याला तोंड द्यायला गुरुत्व धरणाजवळ स्वतःचे वजन असते. धरणाचा छेद स्थूलमानाने काटकोन त्रिकोणासारखा असतो. उंची १०० मीटर आणि तळाची रुंदी ८० मीटर धरली, तर घनमीटरला २.४ टन या हिशेबाने त्याच एक मीटर पट्ट्याचे वजन ९,६०० टन भरते.

हे वजन आणि तो रेटा यांचा एकत्रित परिणाम तळावर कोठे पडतो, हा अभियंत्याचा पहिला प्रश्न असतो. तळाचे तीन समान भाग केले आणि ही एकत्रित बलरेषा मधल्या भागात पडली, तर संपूर्ण तळ पायाच्या खडकावर दाबलेला राहतो. ती पुढच्या, म्हणजे नदीकडील, भागात सरकली तर जलाशयाकडील काठावर, ज्याला अभियंते टाच म्हणतात, तेथे ताण निर्माण होतो. काँक्रीट आणि खडक दोन्ही दाब उत्तम सोसतात, पण ताण सोसण्याची त्यांची ताकद फार थोडी असते. दुसरा प्रश्न असतो धरण आपल्या पायावरून पुढे सरकेल का, हा. अखंड भिंत उलथून पडण्याची कल्पना लोकांच्या मनात असते. प्रत्यक्षात टाचेपाशी भेग पडणे, तिच्यात पाणी शिरणे आणि मग धरण सरकणे हा क्रम अधिक संभवनीय आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रश्न : आम्हाला गुरुत्व धरणाच्या संकल्पनात अपलिफ्ट, म्हणजे पायाखालच्या पाण्याचा वर उचलणारा दाब, शिकवतात. धरण घट्ट खडकावर ओतलेले असते, तर पाणी त्याच्या खाली जाते कसे? आणि निचऱ्याच्या छिद्रांना एवढे महत्त्व खरोखर आहे का, की ती केवळ खबरदारी आहे? (स्थापत्य अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : माझ्या मते गुरुत्व धरणाविषयी विचारता येईल असा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. खडक डोळ्यांना अखंड दिसला, तरी त्यात सांधे, फटी आणि थर असतात. आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टमध्ये लाव्हाचे थर एकावर एक आहेत आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा पाणी झिरपू देणारा कमकुवत पट्टा असतो. १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब या बारीक फटींतून धरणाखाली पोहोचतो. पाणी किती वाहते याला येथे महत्त्व नाही. केसाएवढ्या फटीत ते जवळपास स्थिर असले तरी त्याचा दाब पूर्ण असतो, आणि तो धरणाला खालून वर उचलतो.

वरच्याच काल्पनिक धरणाचा हिशेब पुढे नेऊ. निचरा अजिबात नाही असे धरले, तर टाचेपाशी १०० टन आणि नदीकडील टोकाशी शून्य असा दाब तळभर पसरतो, आणि त्याची बेरीज ४,००० टन होते. म्हणजे ९,६०० टनांचे धरण पायावर ५,६०० टनांनीच टेकलेले असते. काँक्रीट आणि खडक यांच्यातील घर्षणाचा गुणक ०.७ धरला, तर घर्षणातून मिळणारा विरोध ३,९२० टन आहे आणि समोरून रेटा आहे ५,००० टनांचा. बलरेषाही मधल्या तिसऱ्या भागाबाहेर जाते. टोकापासून ती सुमारे २३.५ मीटरवर पडते आणि मधला भाग सुरू होतो २६.७ मीटरवर. हे धरण आता केवळ काँक्रीट खडकाला किती चिकटले आहे, या भरवशावर उभे आहे.

आता टाचेपासून ८ मीटरवर निचरा छिद्रांची एक ओळ खोदू. भारतीय संकल्पनांत सर्वसाधारणपणे असे धरतात की, या ओळीपाशी दाब उतरून धरणाच्या पुढील-मागील पाणीपातळीतील फरकाच्या एक तृतीयांशावर येतो. त्यानुसार वर उचलणारे बल सुमारे १,७३० टनांवर उतरते, धरण पायावर जवळपास ७,८७० टनांनी टेकते, घर्षणाचा विरोध ५,५०० टनांच्या वर जातो आणि बलरेषा टोकापासून ३१ मीटरवर, मधल्या भागाच्या आत येते. एक घनमीटरही काँक्रीट वाढवलेले नाही; फक्त पाण्याला बाहेर पडायला वाट दिली आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन हिशेबांतील फरकात आहे. प्रत्यक्ष संकल्पनात चिकटण्याचे बलही धरतात, पण 'आयएस ६५१२' हे आपले मानक त्यासाठी घर्षणापेक्षा कितीतरी मोठा सुरक्षा गुणक मागते, कारण तळावर सर्वत्र बंध टिकून आहे याची खात्री देता येत नाही. निचरा छिद्रे निकामी झाली आहेत असे समजून एक तपासणी पुराच्या स्थितीसाठी आणि एक भूकंपाच्या स्थितीसाठी करावी, असेही त्यात आहे.

टाचेजवळ सिमेंटचे ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, फटींत भरून खडकात जो पडदा तयार करतात, तो पुरेसा नाही का, असे तुम्ही पत्रात पुढे विचारले आहे. पडदा पाण्याचे प्रमाण घटवतो. पण त्यात एखादी फट राहिली तर तिच्यातून दाब पलीकडे पोहोचतोच, म्हणून दाब उतरवण्याचे काम त्याच्या मागे असलेल्या निचरा छिद्रांवरच सोपवावे लागते. दोन्ही हवेत, आणि याच क्रमाने हवेत.

हे शहाणपण फार मोल देऊन आले आहे. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरणाच्या हिशेबात वर उचलणारा दाब धरलेला नव्हता. १८८४ मध्ये त्याचा मोठा भाग फूटभर पुढे सरकला. डागडुजी झाली, जलाशय पुन्हा भरला आणि २७ एप्रिल १८९५ रोजी वरचा भाग तुटून ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतरच फ्रेंच अभियंते मोरिस लेव्ही यांनी जलाशयाकडील काठावर बांधकामातील दाब तेथील पाण्याच्या दाबापेक्षा कमी नसावा, हा आपला प्रसिद्ध नियम मांडला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ऑस्टिन येथे काँक्रीटचे धरण १९१० च्या जानेवारीत पुढे सरकून तडकले होते. तरीही ते वापरात राहिले आणि ३० सप्टेंबर १९११ रोजी पायाखालच्या कमकुवत थरावरून घसरून फुटले. ७८ जण मेले. दोन्ही ठिकाणी धरणाने आधी इशारा दिला होता, हे मला सर्वांत जास्त खटकते.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील सेंट फ्रान्सिस धरणाची हकिकत तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. हे वक्राकार पण गुरुत्व पद्धतीचे काँक्रीट धरण. बांधकाम चालू असताना त्याची उंची वाढवली, तळाची रुंदी मात्र त्या प्रमाणात वाढवली नाही. एका तीरावर अभ्रकयुक्त पत्थराचा जुना घसरलेला डोंगर होता, तर दुसऱ्या तीरावर पाण्यात मऊ पडणारा गोटेदार खडक. निचरा विहिरी फक्त मधल्या भागाखाली होत्या. जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरल्यावर काही दिवसांतच, १२ मार्च १९२८ रोजी सकाळी, मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांनी नवी गळती पाहून धरण सुरक्षित असल्याचे सांगितले. त्याच मध्यरात्रीपूर्वी ते फुटले आणि चारशेहून अधिक बळी गेले. सकाळी दोन्ही बाजू वाहून गेलेल्या दिसल्या आणि मधोमध एकच उंच ठोकळा उभा होता. तो मधल्या भागाचा, म्हणजे निचरा विहिरी असलेल्या भागाचा होता. दोन्ही तीरांचा खडक हे मुख्य कारण होते, त्यामुळे सारे श्रेय निचऱ्याला देणे बरोबर होणार नाही. पण पायाखाली खडक कसा आहे आणि पाणी काय करते आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या धरणाच्या बाबतीत कोणी शोधली नव्हती, हे खरे.

प्रश्न : ओळखीच्या एका अभियंत्यासोबत एका मोठ्या धरणाच्या आतील बोगद्यात जाण्याची संधी मिळाली. आत भिंतींवरून पाणी ओघळत होते आणि नाल्यातून वाहत होते. हे धोक्याचे नाही का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण जो बोगदा पाहिला त्याला गॅलरी म्हणतात आणि पाणी तेथे यावे यासाठीच तो ठेवलेला असतो. वरच्या उत्तरात सांगितलेली निचरा छिद्रे तिच्यातूनच खोदतात. गॅलरीतून येणारे पाणी दररोज नाल्यात बसवलेल्या, खाच पाडलेल्या पट्टीवर मोजले जाते आणि जलाशयाच्या पातळीशी त्याचा मेळ घातला जातो. काळजी करायची ती बदलाची. पातळी सारखीच असताना पाणी अचानक वाढले, ते गढूळ येऊ लागले, किंवा आजवर कोरड्या असलेल्या जागी ओल दिसली, तर त्याची दखल त्याच दिवशी घ्यायला हवी.

लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही असा दुसराही एक धोका आहे. पाणी कमी झाले तर सारे आनंदित होतात, पण पाणी काँक्रीटमधील चुना विरघळवून आणते, तो छिद्रांच्या तोंडाशी पांढऱ्या थराच्या रूपाने साचतो आणि छिद्रे हळूहळू बुजतात. मग गॅलरी कोरडी दिसते आणि पायाखालचा दाब वाढत असतो. पीझोमीटरमधील, म्हणजे पायाखालच्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणातील, दाब पाहिल्याशिवाय कोरड्या गॅलरीवर विश्वास ठेवू नये. छिद्रे ठरावीक काळाने साफ करणे, आणि गरज पडल्यास नवी खोदणे, हे कंटाळवाणे काम आहे, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडण्याची भीती असते.

प्रश्न : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप मी लहानपणी कोयनानगरजवळ अनुभवला. धरणाला तडे गेले असे मोठी माणसे बोलत, पण नक्की काय झाले हे कोणी सांगितले नाही. तेव्हा धरण वाचले कसे, आणि पुन्हा तसाच भूकंप झाला तर? (एक ज्येष्ठ वाचक, सध्या नवी मुंबई)

उत्तर : आपण ती पहाट पाहिली आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपाची तीव्रता ६.३ मानली जाते. पूर्वीच्या लिखाणात ती ६.५ अशीही आढळते. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली. धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या कंपनमापकाने जमिनीचा हादरा नोंदवला. गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या तुलनेत तो धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ आणि नदीच्या दिशेने ०.४९ पट होता. धरणाचे संकल्पन करताना त्याच्या वजनाच्या ०.०५ पट एवढे आडवे बल धरले होते. त्या काळी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात होता, त्यामुळे अभियंत्यांनी काही बल धरले हीच तेव्हा सावधगिरी होती.

धरण पायापासून सुमारे १०३ मीटर उंच आहे आणि ते रबल काँक्रीटचे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून बांधलेले आहे. ते अखंड नाही. ते सुमारे १५ मीटर रुंदीच्या ठोकळ्यांत बांधलेले आहे; हे ठोकळे एकमेकांना लागून उभे असतात आणि प्रत्येक ठोकळा स्वतःच्या बळावर स्थिर असतो. सांडव्याबाहेरील उंच ठोकळ्यांचा छेद पाहिला, तर नदीकडील उतार पायापासून सुमारे ६६ मीटरवर एकदम बदलतो आणि त्यावरचा भाग बराच उभा व जड होतो. भूकंपात आडवे तडे गेले ते बहुतेक याच पातळीला. काही ठोकळ्यांत ते जलाशयाकडील बाजूस दिसले, काहींत नदीकडील, तर काहींत दोन्ही बाजूंस, आणि काही ठिकाणी नदीकडून पाणी पाझरताना दिसले.

असे का झाले? संकल्पनात धरलेले भूकंपबल सगळ्या उंचीवर सारख्या प्रमाणात लावले होते, जणू धरण हा एक ताठ दगड आहे. पण हे उंच ठोकळे हादऱ्यासोबत डोलतात. कोयनेच्या ठोकळ्याचे एक आंदोलन सुमारे एक तृतीयांश सेकंदाचे आहे, आणि जवळच्या भूकंपाच्या लहरींत नेमका याच वेगाच्या कंपनांचा भरणा असतो. त्यामुळे तळापेक्षा माथ्याचे त्वरण कितीतरी वाढते. माथा जड आणि त्याखाली छेद एकदम बदललेला. सगळा ताण त्या कोनात एकवटला. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या गणितात हेच दिसले, आणि तडे कोठे पडावेत याचे त्यांचे उत्तर प्रत्यक्ष तड्यांशी जुळले. आजही नवी गणनापद्धत तपासून पाहायची असेल, तर जगभरचे संशोधक कोयनेचा छेद आणि त्या पहाटेची कंपननोंद घेतात. चीनमधील शिनफेंगजियांग धरणालाही १९६२ च्या भूकंपात असाच, माथ्याजवळ छेद बदलतो तेथे, आडवा तडा गेला होता.

धरण वाचले, कारण तडे वरच्या भागात होते; पायाशी, जेथे पाण्याचा रेटा सर्वाधिक असतो, तेथे धरण धड राहिले. जलाशयाची पातळी त्या दिवशी पायापासून सुमारे ९२ मीटर होती, म्हणजे तड्याच्या वर सुमारे पंचवीस मीटर पाणी. एवढा रेटा पेलायला वरच्या भागाचे स्वतःचे वजन आणि खडबडीत तड्यातले घर्षण पुरले. सांडव्याच्या ठोकळ्यांचा छेद वेगळा असल्याने त्यांना तसे तडे गेले नाहीत.

त्यानंतर काय केले? तडे इपॉक्सी रसायनाने भरले, वरच्या भागातून उभी छिद्रे घेऊन पोलादी केबली ताणून बसवल्या, आणि सांडव्याबाहेरील ठोकळ्यांना नदीकडून काँक्रीटचे भरभक्कम टेकू दिले. हे काम १९७३ पर्यंत झाले. पुढे सांडव्याच्या भागाचेही मजबुतीकरण २००६ मध्ये पूर्ण झाले. १९७० च्या भूकंप नकाशात हा परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात आला. शिवसागर भरल्यापासून या टापूत भूकंप सतत होत आले आहेत आणि तीव्रता ५ च्या वरचे धक्के वीसहून अधिक झाले आहेत. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे हे जगातील सर्वांत अभ्यासलेले ठिकाण आहे. कराड येथील संशोधन केंद्राने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, ते भूकंप जेथे उगम पावतात त्या खडकाच्या जवळ जाण्यासाठीच.

पुन्हा तसाच भूकंप झाला तर, हे आपण विचारले आहे. आजचे धरण १९६७ च्या धरणापेक्षा निश्चितच अधिक बळकट आहे, आणि तडे जेथे गेले होते ती जागा आता टेकूंनी जखडलेली आहे. मोठ्या भूकंपात अशा धरणाला काही इजा होऊ शकते, हे आजचे संकल्पन मान्य करते. पण पाणी अडवून धरण्याची त्याची क्षमता टिकली पाहिजे आणि नंतर पातळी उतरवण्याचे दरवाजे चालले पाहिजेत, ही त्याची अट आहे. यातील दुसऱ्या अटीकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण दरवाजे, त्यांची वीज आणि तेथवर जाणारा रस्ता हेही धरणाच्या सुरक्षिततेचेच भाग आहेत.

प्रश्न : पानशेत फुटले तसे काँक्रीटचे धरण फुटू शकते का? (पुण्याहून तीन वाचक)

उत्तर : १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेत हे मातीचे धरण होते आणि त्याचे काम पूर्ण झालेले नव्हते. २०१९ मध्ये फुटलेले चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणही मातीचे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले किंवा त्याच्या आतून माती वाहून जाऊ लागली, तर ते काही तासांत संपते. काँक्रीटच्या धरणाला ही दोन दुखणी तशी नाहीत.

पण त्याच दिवशी दुपारी खडकवासलाही फुटले, आणि ते एकोणिसाव्या शतकात बांधलेले दगडी गुरुत्व धरण होते, हे पुणेकरांनीही लक्षात ठेवायला हवे. पानशेतचा लोंढा आल्यावर पाणी त्याच्या माथ्यावरून काही तास वाहिले. गुरुत्व धरणाला माथ्यावरचे पाणी दोन प्रकारे मारक असते. पहिला प्रकार गणिताचा आहे. धरण उलथवणारे घूर्णबल खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पाणी केवळ पाच टक्क्यांनी चढले तर हे बल सुमारे सोळा टक्क्यांनी वाढते, आणि पायाखालचा दाबही सोबत चढतो. दुसरा प्रकार म्हणजे माथ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याचा खडक खोदून काढते. म्हणूनच सांडवा किती पूर वाहून नेऊ शकतो हा प्रश्न काँक्रीटच्या धरणालाही लागू आहे. कोयनेच्या सांडव्याला सहा वक्र दरवाजे आहेत आणि दरवाजांची उंची वाढवून साठवण ९८.७८ टीएमसीवरून १०५.२५ टीएमसीवर नेली आहे. अशी वाढ करताना वर दिलेले घनाचे गणित प्रत्येक ठोकळ्यासाठी नव्याने मांडावे लागते.

प्रश्न : काँक्रीटचे आयुष्य किती? साठ वर्षांचे धरण म्हातारे झाले असे समजावे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वयावरून निकाल देता येत नाही. प्रवरेवरील भंडारदरा धरण दगडी बांधकामाचे आहे आणि १९२६ पासून उभे आहे. १९६९ मध्ये त्यात भेगा आणि मोठी गळती आढळली, तेव्हा नदीकडून टेकू भिंती देऊन ते मजबूत केले आणि ते आजही काम करते. उलट उत्तर प्रदेशातील रिहंद धरण १९६२ चे, काँक्रीटचे. त्याच्या वाळू-खडीतील काही घटकांची सिमेंटमधील अल्कलीशी रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट फुगले आणि तडे गेले. खडी निवडताना झालेली उणीव कधी वीस वर्षांनी दिसते. कच्चे काँक्रीट घट्ट होताना बाहेर पडणारी उष्णताही पुढे तडे देते. म्हणून धरण ठोकळ्यांत आणि दीड मीटरच्या थरांत ओततात. सिमेंट कमी घालून रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतातील पहिली धरणे घाटघर येथे बांधली, त्यामागेही उष्णता कमी ठेवणे हे एक कारण होते.

प्रश्न : धरणाखाली राहणाऱ्या आम्ही सामान्य माणसांनी कोणाला आणि काय विचारावे? (ग्रामपंचायतीच्या एक सदस्या, पाटण तालुका)

उत्तर : ३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षितता कायदा लागू आहे. १५ मीटरहून उंच प्रत्येक धरण, आणि काही अटींत बसणारी १० ते १५ मीटरची धरणे त्याखाली येतात. धरणाच्या मालकाने, म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाने, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची. मोठा पूर किंवा भूकंप झाल्यावर वेगळी तपासणी करायची. आणीबाणीची कृती योजना तयार ठेवायची. आणि कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञांकडून पहिले सर्वंकष मूल्यमापन करून घ्यायचे. राज्य पातळीवर हे काम नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेकडे आहे.

ग्रामसभेत ठराव करून आपण पुढील माहिती लेखी मागू शकता. आपल्या गावासाठीची आणीबाणीची योजना मराठीत आहे का. धरणातून पाणी सोडताना भोंगा वाजतो तो आपल्या वाडीत ऐकू येतो का. पुराचे पाणी कोठवर चढेल हे दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीत लावला आहे का. याहून एक प्रश्न मी आग्रहाने सुचवीन, जो सहसा कोणी विचारत नाही : पायाची निचरा छिद्रे शेवटची कधी साफ केली, आणि त्यानंतर पीझोमीटरमधील दाब किती उतरला? ज्या कार्यालयात ही नोंदवही नीट ठेवलेली आहे, तेथील अधिकारी हे आकडे ताबडतोब सांगू शकतात. उत्तर मिळायला वेळ लागला, तर पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न तारीख घालून पुन्हा नोंदवावा.